टाकीचा तळ निळा आहे

एक पांढरा रुमाल, चार घड्या घातलेला.

आई एका मुलाला चापट मारायची तेव्हा दुसऱ्यालाही मारायची. दुसऱ्याने काही केलेलं नसायचं. पण मागाहून कुणी काही म्हणायला नको.

कारखान्याच्या मधोमध एक भिंत आहे. ती दर्शनी खिडकीच्या बरोबर मध्यावर येऊन टेकते. खिडकी उघडायची तर भिंतीच्या दोन्ही अंगांनी दोघांनी एकाच वेळी ढकलावी लागते. म्हणून ती उघडत नाही.

जिवंत गोष्टींना वास येतो.

फेब्रुवारी हा अन्यायाचा महिना आहे.

"या वर्षी मॅडमना खिशातून रुमाल काढावा लागला," दादा जेवता जेवता म्हणाला, "तर मी नाव बदलून घेईन."

नाव बदलण्यात त्याचं फारसं काही जाणार नव्हतं. त्याला नावाने कुणी हाक मारतच नसे. घरात, गल्लीत, कारखान्यात, उधारी मागायला येणाऱ्यांतही तो दादाच होता. तरी माणूस पैज लावतो तेव्हा नावच पणाला लावतो, कारण ते परत मागायला कुणी येत नाही.

*

अट अकरावी. बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याला रंग नसावा.

दादाचा कारखाना सूत रंगवण्याचा. या धंद्यात एक अडचण आहे. जितकं सूत रंगतं तितकंच पाणीही रंगतं. सूत गिऱ्हाईक घेऊन जातं. पाणी कुणी नेत नाही.

त्या पाण्याचं काय करायचं, यासाठी परवाना असतो. परवान्याच्या पाठीवर अटी असतात. अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला वर्षातून एकदा प्रदूषण खात्याच्या मॅडम येतात, आणि काही वर्षांनी परवाना नव्याने काढावा लागतो. या वर्षी दोन्ही गोष्टी एकदम आल्या होत्या. परवान्याची मुदत संपत होती, आणि मॅडम बघून जाऊन काय लिहितात त्यावर नवा मिळायचा होता. परवाना गेला तर भट्टी विझणार. भट्टी विझली तर गिऱ्हाईक भिंतीच्या पलीकडे जाणार. पलीकडे दादाचा धाकटा भाऊ होता आणि तोही सूतच रंगवत होता; त्याच्याही परवान्याची मुदत याच वेळी संपत होती.

कारखान्याच्या मागच्या अंगणात एक टाकी आहे. रंगाचं पाणी तिच्यात येतं, तळातून एक यंत्र हवा सोडतं, आणि पाण्यात तपकिरी गाळ उकळल्यासारखा घुसळत राहतो. हा गाळ म्हणजे घाण नव्हे. तो कोट्यवधी जंतूंचा संसार आहे. पाण्यातली घाण ते खातात, त्यावर पोसतात, वाढतात, आणि पुढच्या हौदात गाळ खाली बसला की वर नितळ पाणी उरतं. तेवढं नाल्यात जातं. पगार नाही, रजा नाही, सणासुदीची उचल नाही. अख्ख्या कारखान्यात तक्रार न करता काम करणारे तेवढेच. दिसायला मात्र ती टाकी अशी, की जेवताना तिची आठवण होऊ नये.

मागच्या वर्षी मॅडम फाटकातून आत आल्या त्या नाकाला रुमाल लावून, आणि बाहेर गेल्या त्याही नाकाला रुमाल लावून. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. काही गार घेता का विचारलं तर जोराने मान हलवली. कागदावर सगळं ठीक आहे असं लिहिलं. पण कागद कोण बघतो. दादाने रुमाल बघितला. माणूस शिवी विसरतो; रुमाल विसरत नाही. वर्षभर तो दादाच्या डोळ्यांपुढे फडफडत होता. कुणी शेजारी बसून नाक जरी पुसलं तरी दादाचा चेहरा पडायचा.

भिंतीपलीकडेही त्या रुमाल लावूनच फिरल्या होत्या म्हणे. धाकट्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. हेही दादाला लागलं होतं.

*

भिंतीबद्दल.

वडील गेल्यावर भावांनी कारखाना वाटून घेतला, तो आईच्या नियमाने. एकाने वाटायचं, दुसऱ्याने उचलायचं. लहानपणी खोडरबरापासून हाच नियम चालत आला होता, आणि त्यातून त्या घरात इतकी सरळ कापलेली खोडरबरं तयार झाली होती की शाळेत दाखवायला मागत.

या वेळी दादाने वाटलं. एका बाजूला नवा बॉयलर, दुसऱ्या बाजूला दर्शनी दुकान आणि टाकी. धाकटा दुकान उचलणार याची त्याला खात्री होती. धाकट्याने बॉयलर उचलला. तेव्हापासून दादाच्या मते धाकट्याने डाव साधला, आणि धाकट्याच्या मते दादाने डाव मांडला होता. दोन्ही खरं होतं, त्यामुळे समेट होणं कठीण होतं.

धाकट्याला नवी टाकी बांधावी लागली. टाकी बांधून भागत नाही. दुधाला विरजण लागतं तसा नव्या टाकीला जुन्या टाकीतला थोडा गाळ लागतो. धाकट्याने निरोप पाठवला, चार बादल्या दे. दादाने उलट निरोप पाठवला, वाटणीत गाळाचा उल्लेख नाही.

त्या दिवसापासून दोघे बोलत नव्हते. जे बोलायचं ते आईमार्फत. आई एक महिना इकडे राही, एक महिना तिकडे. फेब्रुवारी ज्याच्या वाट्याला येई त्याच्यासाठी ती मार्चमध्ये दोन दिवस हळूच परत येऊन राही आणि कुणाला बोलू देत नसे.

*

अट चौथी. परिसर स्वच्छ व नीटनेटका ठेवावा.

चूक या अटीने केली असं दादा पुढे बरेच दिवस म्हणत असे.

मॅडम येणार त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने कंबर कसली. भिंतींना पांढरा रंग. नळ्यांना हिरवा. कामगारांना धुतलेले कपडे. भट्टीवर रंग जुळवणारा जुना रंगमास्तर, ज्याचे हात कोपरापर्यंत तीस वर्षांत कधी एका रंगाचे नव्हते, त्यालाही हातमोजे. आणि सुट्टीच्या दिवशी, आणखी रंग आणि फुलझाडांच्या कुंड्या आणायला बाजारात निघताना, त्याने आईला सांगितलं, "आई, आज तुझ्यावर सोपवतो. जिथे घाण दिसेल तिथे हात फिरव. कुणाला विचारत बसू नकोस."

बायको दारातून म्हणाली, "अहो, टाकीचं तेवढं सांगून जा."

"टाकीचं काय सांगायचं," दादा म्हणाला. "टाकी टाकीच्या जागी आहे."

आता तुम्ही म्हणाल, इथे याला कळायला हवं होतं. पण काखेत कळसा असलेला माणूस गावाला वळसा घालताना घाईतच असतो. दादा रिक्षात बसला.

*

संध्याकाळी तो कुंड्या घेऊन आला तेव्हा आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती. साठ वर्षं भांडी घासलेल्या बाईला एक मोठं भांडं मनासारखं घासून झालं की जी तृप्ती येते, ती तिच्या चेहऱ्यावर होती.

"बघून ये," ती म्हणाली.

दादाने लांबूनच बघितलं आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला आनंद झाला. अंगणात पोहायचा तलाव असावा असं काहीतरी लखलखत होतं. आपल्याकडे हे कधी आलं, असा विचार करत तो काठापर्यंत गेला.

टाकीत नळाचं पाणी होतं. काठोकाठ. पाणी इतकं नितळ की तळाच्या फरशा मोजता याव्यात. फरशा निळ्या होत्या. वडिलांनी कुठल्याशा उरलेल्या फरशा स्वस्तात आणून बसवल्या होत्या आणि त्याच आठवड्यात टाकी सुरू झाली होती, त्यामुळे त्या निळ्या आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

हवेचं यंत्र बंद होतं. ते उगाच गडबड करतं म्हणून आईने बंद करायला लावलं होतं.

दादाच्या हातातली कुंडी हळूच खाली टेकली. पडली नाही. असल्या वेळी वस्तू पडतात असं लोक सांगतात, पण हातातली शक्ती गेलेला माणूस वस्तू फार जपून ठेवतो.

हकीकत रंगमास्तरने सांगितली, हातमोजे काढून, मान खाली घालून. आईने सुट्टीवरचे चार कामगार घरून बोलावून घेतले. गाळ उपसून वाळवणीच्या हौदात टाकायला लावला. मग सूत पांढरं करायला ठेवलेली ब्लीचिंग पावडर, टाकीत, पुढच्या हौदात आणि उपसलेल्या गाळावरही, अख्खं पिंप, आणि बुरूश. कोपरे तिने स्वतः वाकून तपासले. त्याने सांगून बघितलं होतं, असं तो शपथेवर म्हणत होता. आई, हे असंच असतं, असं तो म्हणाला होता.

"तुझ्या घरी असेल," असं आई म्हणाली होती.

दादा आईसमोर जाऊन उभा राहिला. रागावायचं होतं, पण कुणाला विचारत बसू नकोस हे शब्द त्याचेच होते आणि अजून अंगणात कुठेतरी रेंगाळत होते.

"आई, त्यात जीव होते."

"कसले?"

"जंतू."

आई त्याच्याकडे बघत राहिली. "मग," ती म्हणाली, "जंतूच मारतात ना?"

या प्रश्नाला उत्तर आहे. पण ते लांब आहे, आणि मॅडम परवा येणार होत्या.

*

अट सतरावी. प्रक्रिया न केलेले पाणी कोणत्याही परिस्थितीत बाहेर सोडू नये.

म्हणजे उद्यापासून रंगाईच बंद. गडद लाल सुताची एक मोठी मागणी भट्टीजवळ थप्पी लावून उभी होती. ती रंगवली तर लाल पाणी सरळ नाल्यात. नाही रंगवली तर गिऱ्हाईक सरळ पलीकडे. आणि रंगवा किंवा नका रंगवू, मॅडम येऊन एक मेलेली टाकी बघणार होत्या.

जंतू विकत मिळत नाहीत. निदान परवापर्यंत मिळत नाहीत. जिथे असतात तिथून आणावे लागतात. सगळ्यात जवळची जिवंत टाकी कुठे आहे हे दादाला माहीत होतं. भिंतीला कान लावला की तिच्या यंत्राचा आवाज येत असे, आणि गेली तीन वर्षं तो दररोज लावत होता; आज धांदलीत तेवढं राहून गेलं होतं.

बायको एवढंच म्हणाली, "तुम्हीच जा. आईंना पाठवू नका आता कुठे."

सकाळी दादा निघाला. नाक मुठीत धरून जाणं म्हणजे काय हे त्याला त्या पन्नास पावलांत नीट समजलं. फाटकातून बाहेर, गल्लीतून, धाकट्याच्या फाटकातून आत. धाकटा नुकताच सासुरवाडीहून आला होता, अजून पायात प्रवासाचे बूट होते. दादाला बघून तो उठला नाही आणि बसूनही राहिला नाही. मध्येच कुठेतरी अडकला.

दादाने सगळं सांगितलं. आईचं सांगितलं. निळ्या फरशांचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "चार बादल्या दे."

धाकट्याने बराच वेळ बुटाची नाडी सोडली. हे वाक्य बोलायची संधी मिळावी म्हणून तो तीन वर्षं जगला असं म्हटलं तर वाढवून सांगितल्यासारखं होईल. पण त्याने ते फार स्वच्छ उच्चारलं.

"दादा, वाटणीत गाळाचा उल्लेख नव्हता."

"नव्हता," दादा म्हणाला.

यावर काय बोलायचं हे धाकट्याने ठरवलेलं नव्हतं. तीन वर्षांच्या तयारीत दादा इथे भांडत असे. न भांडणारा दादा त्याला परका वाटला. तो उठला, आणि मोठेपणा अंगात आला की आवाजही मोठा होतो त्याप्रमाणे अंगणाकडे हात करून म्हणाला, "चार कशाला? चाळीस ने. टँकर लाव. माझ्या टाकीत गाळ म्हणजे खिरीसारखा दाट आहे, कुणालाही विचार. चमचा उभा राहतो."

तो पुढे, दादा मागे. अंगणाच्या कोपऱ्यावर वळताना धाकटा अजून चमच्याबद्दल बोलत होता.

मग तो थांबला.

दोघे भाऊ काठावर शेजारी शेजारी उभे राहिले. इथल्या तळाला फरशा नव्हत्या, साधा सिमेंटचा गिलावा होता. तोही फार स्वच्छ होता. एका कोपऱ्यात, पाण्याखाली, बुरूश विसरला होता.

"काल दुपारनंतर," दादा हळूच म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. मास्तर दुपारी घरी गेल्यावर आई त्याच चार कामगारांना घेऊन इकडे आली असणार; तिच्याकडे दोन्ही घरांच्या किल्ल्या होत्या, सारख्याच दोन जुडग्यांत.

धाकट्याच्या तोंडून एकच शब्द आला. लहानपणी चापट बसल्यावर यायचा तोच.

"आई."

आई त्यांच्या मागेच येऊन उभी होती. "तुझं सकाळी केलं," ती दादाला म्हणाली. "मग याचं नको करायला? मागाहून कुणी म्हणेल, थोरल्याचं घासलं आणि धाकट्याला ठेवलं तसंच."



*

न वापरलेला एक उपाय.

तो रंगमास्तरला सुचला, आणि तो वाईट होता अशातला भाग नाही. मॅडम येणार, बाटलीत पाण्याचा नमुना घेणार, प्रयोगशाळेत पाठवणार. टाकीत सध्या नळाचं पाणी आहे. भट्ट्या बंदच आहेत. म्हणजे नमुना कसा येईल? आजवर या शहरात कुठल्या कारखान्याचा आला नसेल इतका चांगला. पिऊन दाखवता येईल.

दोन्ही भावांनी यावर गंभीरपणे विचार केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अहवाल निष्कलंक येणार होता, आणि तो येण्याचं कारण असं होतं की कारखाना मेला होता. दादाने पुन्हा एकदा आपल्या टाकीकडे जाऊन बघितलं. ऊन पडलं होतं.

"नाही जमायचं," तो परत येऊन म्हणाला. "फार निळी आहे रे."

"खोटं बोलायला माझी हरकत नव्हती," धाकटा म्हणाला.

"माझीही नव्हती. पण बघ तरी एकदा."

धाकटा भिंतीला वळसा घालून, तीन वर्षांत पहिल्यांदा, दादाच्या अंगणात आला. त्याने बघितलं. असल्या टाकीशेजारी उभं राहून, ही आमची सांडपाण्याची टाकी, असं म्हणायला जो निगरगट्टपणा लागतो तो त्यांच्या घराण्यात नव्हता.

मग त्याने आपणहून खात्याला फोन लावला. दोन्ही टाक्या बंद पडल्या आहेत, पाणी बाहेर सोडत नाही, रंगाई थांबवली आहे. दोघांच्या वतीने एकदमच सांगितलं. पलीकडून कारण विचारलं तेव्हा त्याने फोन दादाकडे दिला. दादाने तो कानाला लावला, जरा वेळ ऐकलं, आणि "समक्ष सांगतो" म्हणून ठेवून दिला.

*

शहराच्या सांडपाणी केंद्रावरचा माणूस भला होता. पहिल्यांदा धाकट्याने टाकी सुरू केली तेव्हा गाळ त्यानेच दिला होता. आपल्याकडे पाहुणे आल्याचं त्याला इतकं अप्रूप होतं की टाक्यांमधून फिरवताना तो बागेतल्या वाफ्यांसारखी एकेकीची तब्येत सांगत होता. हवा तेवढा न्या म्हणाला. फक्त टँकर एकच होता, आणि एकच खेप जमणार होती.

टँकर गल्लीत शिरला तेव्हा गल्लीने दारं लावून घेतली. तो वास शब्दांत सांगता येत नाही आणि सांगूही नये. दादाच्या नव्या पांढऱ्या भिंतीजवळ तो उभा राहिला, आणि आता एक प्रश्न उभा राहिला ज्याचं उत्तर त्या घरात एकाच व्यक्तीकडे होतं.

आई खुर्ची घेऊन बाहेर आली. एका हाताने नाक धरलेलं, दुसऱ्या हातात काठी.

"एकाने वाटायचं," ती म्हणाली, "दुसऱ्याने उचलायचं."

दादा नळाच्या चक्राशी, धाकटा टँकरच्या शिडीवर. दादाने आईच्या काठीवर खूण करायची, काठी टँकरात बुडवून गाळ खुणेपर्यंत उतरला की चक्र बंद करायचं, आणि आधी सोडलेला वाटा हवा की टँकरात उरलेला, ते धाकट्याने ठरवायचं. रंगमास्तर, चार कामगार आणि टँकरचा चालक गंभीरपणे उभे होते. इतक्या बारकाईने मैला वाटला गेल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. धाकटा शिडीवरून आत डोकावला, काठीची खूण बघितली, आणि म्हणाला, "दादा, खालचा दाट असतो. मी आधीचा उचलला तर तुझ्या वाट्याला वरचा पातळ उरेल. ढवळून घे आधी."

दादाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वी बॉयलरची बाजू उचलणारा हाच माणूस होता.

"ढवळ," तो म्हणाला.

ढवळताना नळी सुटली. फार नाही, बादलीभरच असेल. पण ती नव्या पांढऱ्या भिंतीवर गेली, कुंड्यांवर गेली, आणि आईच्या खुर्चीच्या पायाशी जाऊन थांबली. आईने खुर्ची थोडी मागे घेतली.

वास आता आत शिरला होता, भिंतीच्या दोन्हीकडे. बायको आतून ओरडली की काहीतरी उघडा. दादा धावत खिडकीशी गेला आणि ढकलू लागला. ती हलेना. मग पलीकडून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटलं, आणि खिडकी करकरत उघडली. अर्ध्या चौकटीतून दादाला धाकट्याची अर्धी बाही दिसली. दोघेही काही वेळ तसेच तोंड बाहेर काढून श्वास घेत राहिले.

"बॉयलरला धाप लागते रे माझ्या," धाकटा गल्लीकडे बघत म्हणाला. "नुसता धूर. घ्यायला नको होता."

 आपल्या दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं, हे दादाने त्याच संध्याकाळी धाकट्याला सांगितलं.

*

मॅडम आल्या.

दादा फाटकात उभा होता. पांढरी भिंत तपकिरी झाली होती, धुऊन निघाली नव्हती. नवा गाळ टाकीत एक दिवसाचा होता, अजून रुळला नव्हता, आणि परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा सगळ्या अंगणाला आपली ओळख करून देत होता. मागच्या वर्षीच्या दहापट वास होता. दादा मॅडमच्या खांद्याला लटकलेल्या पिशवीकडे बघत होता. हात तिकडे जाईल, रुमाल निघेल, आणि संपलं.

हात गेला. पेन निघालं.

मॅडम सरळ टाकीपाशी गेल्या, वाकल्या, आणि चक्क श्वास भरून घेतला. "कशाने मेली?" त्यांनी विचारलं.

"आईने घासली," दादा म्हणाला.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग भिंतीला वळसा घालून त्या धाकट्याच्या अंगणात गेल्या. दादाही मागोमाग गेला; आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आणि ही?"

"आईने घासली," धाकटा म्हणाला.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. नोकरीत त्यांनी पुष्कळ कारणं ऐकली होती. वीज गेली होती, पंप जळला होता, उंदराने तार कुरतडली होती. "एकच आई?" त्यांनी विचारलं.

"एकच," दोघे म्हणाले.

मग त्यांनी आईला भेटायचं आहे असं सांगितलं. आई आली. ती अजिबात घाबरलेली नव्हती. उलट तिच्या मनात थोडी तक्रारच होती. "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच केलं," ती म्हणाली. "वासाचा."

"मला कसला त्रास," मॅडम म्हणाल्या. "आजी, उलट ज्या टाकीला वास नाही तिची मला भीती वाटते."

दादा हे ऐकून त्यांच्याकडे बघत राहिला. मग मागच्या वर्षी रुमाल कशाला, असं त्याच्या ओठांवर आलं. पण परवाना त्यांच्या हातात होता, आणि सगळ्या गोष्टी सगळ्या वेळी विचारायच्या नसतात.

परवाना तेव्हा मिळाला नाही आणि गेलाही नाही. गाळ रुळेपर्यंत रंगाई बंद, मग नमुना, मग बघू, असं ठरलं. तुम्ही फोन केला नसता तर आज दोन्ही फाटकांना कुलूप लावून गेले असते, असं मॅडम निघताना सहज म्हणाल्या. दादाला त्या निळ्या टाकीची आठवण झाली.

लाल सुताचं गिऱ्हाईक तिसऱ्याच कुणाकडे गेलं. दोघांकडूनही गेलं, म्हणून भांडण झालं नाही. बंदीच्या दिवसांत दोन्ही भाऊ सकाळ-संध्याकाळ आळीपाळीने दोन्ही टाक्यांना घालायला गूळपाणी न्यायचे, नव्या जंतूंना काही खायला हवं म्हणून. दादाच्या गाळाने आधी अंग धरलं. तेव्हा त्याने न मागता चार बादल्या पलीकडे पोचवल्या. स्वतः उचलून.

नमुने पास झाले. दोन्ही परवाने एकाच दिवशी आले आणि दोन्हींच्या शेवटी एक नवी अट होती. बायकोने ती मोठ्याने वाचली.

अट बाविसावी. नेमलेल्या कर्मचाऱ्याव्यतिरिक्त कुटुंबातील कोणत्याही व्यक्तीने टाकीची स्वच्छता करू नये.

 आईने चष्मा लावला, दोन्ही कागद हातात घेतले, एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले.

"दोघांना सारखंच आहे ना?"

"शब्दनशब्द," दादा म्हणाला.

"मग ठीक आहे," आई म्हणाली, आणि परवाने परत दिले.

मागच्या वर्षी तपासणीला आल्या त्या दिवशी मॅडमना सर्दी झाली होती.